शाळा सुटल्यावर मूल कुणाकडे?

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये चार पालक जमले की हा विषय निघतोच. एकाचं म्युनिकला जायचं घाटतंय, दुसऱ्याचा भाऊ टोरांटोहून परत यायचं म्हणतोय, आणि दोघांचं कारण एकच : "मुलांसाठी." मग तुलना सुरू होते. जर्मनीत शिक्षण फुकट, कॅनडात हवा चांगली, दुबई विमानाने तीन तासांवर, इथे आजी-आजोबा. तासाभराने सगळे आपापलं मूळ मत घेऊन घरी जातात.

ही चर्चा पुढे सरकत नाही, कारण ती देशांच्या नावांवर चालते. लहान मुलाला देश कळत नाही. सकाळी कोण उठवतं, शाळेत कसं जायचं, ताप आला की जवळ कोण बसतं आणि शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत आपण कुणाकडे असतो, एवढं त्याला कळतं. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. देशादेशांतला खरा फरक तिथे दिसतो, आणि पार्किंगमधल्या चर्चेत तोच निघत नाही.

देशांच्या क्रमवारीच्या याद्यांचं आधी उरकून घेऊ. श्रीमंत देशांतल्या मुलांच्या स्थितीवर युनिसेफ अहवाल काढतं. २०२० च्या अहवालात नेदरलँड्स पहिला, मग डेन्मार्क आणि नॉर्वे. अमेरिका ३८ देशांत ३६ वी. २०२५ च्या अहवालातही नेदरलँड्स आणि डेन्मार्क वरच, तिसरा फ्रान्स. भारताचा त्यात क्रमांकच नाही, कारण यादी श्रीमंत देशांपुरती आहे. पण वाचण्यासारखी ओळ आहे जपानची. २०२० मध्ये शारीरिक आरोग्यात जपानी मुलं पहिली, मानसिक स्वास्थ्यात ३७ वी, म्हणजे शेवटून दुसरी. सगळं मिळून जपानचा क्रमांक विसावा. सारखं आजारी पडणारं मूल ज्या घरात आहे त्या घराला, आणि वर्गात एकटं पडणारं मूल ज्या घरात आहे त्यालाही, हा 'विसावा' काहीच सांगत नाही.

शिवाय यादी त्या देशात राहणाऱ्या सगळ्यांच्या सरासरीची असते. नाशिकचं कुटुंब तिथे जातं ते व्हिसावर. व्हिसाच्या पानावर काय छापलंय, यावर मुलाच्या वाट्याला तो देश किती येणार हे ठरतं. इंग्लंडचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२५ पासून तिथे नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने पाळणाघर मिळतं, वर्षातले ३८ आठवडे. बातमी वाचून इथल्या आईला वाटतं, प्रश्न सुटला. पण वर्क व्हिसावर गेलेल्यांच्या परवान्यावर सहसा 'सरकारी निधीचा हक्क नाही' अशी अट असते. आई-बाप दोघांच्याही परवान्यावर ती असेल, तर हे ३० तास नाहीत आणि चाइल्ड बेनिफिट म्हणजे मुलांचा सरकारी भत्ताही नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांना सरसकट मिळणारे १५ तास आणि सरकारी शाळा मात्र मिळते. वर व्हिसा काढतानाच आरोग्य अधिभार : मोठ्या माणसामागे वर्षाला १०३५ पौंड, मुलामागे ७७६. पाच वर्षांच्या व्हिसाचा अधिभार एकरकमी, आगाऊ भरायचा. चौघांच्या कुटुंबाने हा हिशेब वहीत मांडून बघावा. तिकिटांचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटतो.

कॅनडात तात्पुरत्या परवान्यावरच्या कुटुंबाला मुलांचा भत्ता सुरू होतो तो १८ महिने राहून झाल्यावर. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्ससारख्या राज्यात काही तात्पुरत्या व्हिसांवरच्या मुलांना सरकारी शाळेतही फी पडते. अमेरिकेत शाळेचं दार सगळ्यांना उघडं आहे, तिथे अडतं ते पुढे : एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर, गेलेलं मूल २१ वर्षांचं झालं की आई-बापाच्या व्हिसातून बाहेर पडतं, आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग त्याहून लांब असू शकते. दुसरीत नेलेल्या मुलीला पदवीच्या ऐन मध्यावर स्वतःचा स्टुडंट व्हिसा शोधावा लागतो. सिंगापूरमध्ये आई-बापाबरोबर कायम रहिवासी झालेल्या मुलग्याला वयात आल्यावर दोन वर्षांची सक्तीची राष्ट्रीय सेवा आहे. हे नियम लपवलेले नाहीत. ते वाचायची वेळ सामान बांधून झाल्यावर येते, एवढंच.

या बाबतीत जर्मनी उदार आहे. ब्लू कार्डावर, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, गेलेल्या कुटुंबालाही किंडरगेल्ड म्हणजे मुलांचा भत्ता मिळतो, २०२५ मध्ये मुलामागे महिन्याला २५५ युरो. बाळ झालं तर एल्टर्नगेल्ड म्हणजे पालकभत्ता : बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, किमान ३०० आणि कमाल १८०० युरो, बारा महिने, दुसऱ्या पालकाने किमान दोन महिने घेतले तर एकूण चौदा. 'बाबांचे दोन महिने' तिथे एवढे रुळलेत की न घेणाऱ्या बापालाच विचारणा होते. स्वीडनमध्ये ४८० दिवस, त्यातले प्रत्येक पालकाचे ९० दिवस दुसऱ्याला देताच येत नाहीत. बापाने घेतले नाहीत तर ते बुडाले. फिनलंडने २०२२ मध्ये दोघांना समान १६० दिवस केले. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पूर्ण पगारी रजा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातल्या १२ बिनपगारी आठवड्यांपेक्षा, किंवा अमिरातीतल्या खासगी नोकरीतल्या ६० दिवसांपेक्षा ती कितीतरी चांगली. पण ती आईची. खासगी नोकरीतल्या बापाला आपल्या कायद्यात एक दिवसही नाही. बारशाला कॅज्युअल लीव्ह टाकणाऱ्या बापांचा देश आहे हा. मूल वाढवायला चांगला देश कोणता, असं विचारणाऱ्या बापाने एवढी एक ओळ आधी वाचावी.

आता त्या दुपारकडे येऊ. जर्मनीतली प्राथमिक शाळा पारंपरिकरीत्या साडेअकरा ते एकच्या दरम्यान सुटते. आई घरी आहे, चुलीवर सूप आहे, हे गृहीत धरून बसवलेलं हे वेळापत्रक, विशेषतः पश्चिम भागात. दोघंही नोकरीला असतील तर 'होर्ट' नावाच्या दुपारच्या संगोपन-केंद्रात जागा लागते आणि मोठ्या शहरांत तिची प्रतीक्षायादी असते. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसाला आठ तासांच्या संगोपनाचा कायदेशीर हक्क लागू होतो आणि दरवर्षी एकेक वर्ग वाढत २०२९-३० पर्यंत चौथीपर्यंत पोचतो. आता कागदावरचा हक्क आणि हातातली जागा यांतलं अंतर बघा : एक वर्षापुढच्या मुलांना पाळणाघराचा हक्क तिथे २०१३ पासून आहे, तरी आजही पालक गरोदरपणातच नाव नोंदवतात.

आणि जागा मिळाली तरी मूल पहिल्या दिवशी सोडून कामावर जाता येत नाही. 'आइनगेव्योनुंग' नावाचा रुळण्याचा काळ असतो. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर मुलाबरोबर त्याच खोलीत बसतात, शक्यतो कोपऱ्यात, गप्प. चौथ्या दिवशी काही मिनिटं बाहेर जाऊन बघायचं. मूल सावरलं तर वेळ वाढवायची, नाही सावरलं तर काही दिवस थांबून पुन्हा प्रयत्न. दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिन्यांपर्यंत हे चालू शकतं. बहुतेक नवी कुटुंबं इथेच फसतात : पाळणाघराचा पहिला दिवस आणि नोकरीचा पहिला दिवस एकच धरलेला असतो. मधे किमान सहा आठवडे ठेवावेत, आणि हे दिवस बाबांनी घेतले तर उत्तम. आपल्याकडे बालवाडीच्या पहिल्या दिवशी फाटकावरून रडतं मूल आत ओढून घेतात आणि "आठ दिवसांत होईल सवय" म्हणतात. सवय होतेही. पण ती कशाची होते, हे त्या आठ दिवसांत कुणी बघत नाही.

ताप आलेल्या दिवसाचंही असंच. स्वीडनमध्ये आजारी मुलासाठी वर्षाला मुलामागे १२० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, पगाराच्या ८० टक्क्यांच्या आसपास. जर्मनीत सरकारी विम्यातल्या पालकाला मुलामागे १५ दिवस, एकट्या पालकाला ३०. नाशिकमध्ये या दिवसांची तरतूद म्हणजे आजी.

परदेशी जाणाऱ्यांच्या हिशेबात आजी असतेच. "आईला बोलावून घेऊ" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक बेतात असतं, म्हणून आजीचा व्हिसा नीट समजून घ्यायला हवा. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस, म्हणजे जर्मनीत आजी तीन महिने, मग तीन महिने बाहेर. पुन्हा आली तरी बाळासाठी ती नवीनच. इंग्लंडच्या साध्या व्हिजिटर व्हिसावर एका भेटीत सहा महिने, अमेरिकेतही सहसा तेवढेच. कॅनडाचा सुपर व्हिसा वेगळा, जुलै २०२२ पासून एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहू देणारा. पण त्यासाठी मुलाचं वा मुलीचं ठरावीक उत्पन्न आणि आजीचा आरोग्यविमा लागतो. विम्यात पाणी मुरतं ते आधीपासूनच्या आजारांत. मधुमेह, रक्तदाब, गुडघे : सत्तरीच्या आजीकडे तिन्ही असतात आणि पॉलिसीत तेच वगळलेले असतात. स्वीडनने जुलै २०२४ पासून पालकांना आपल्या पगारी रजेतले ४५ दिवस आजी-आजोबांच्या नावावर करायची मुभा दिली. वाचून आपल्याला गहिवरून येतं. पण ते आजी-आजोबा स्वीडनच्या सामाजिक विम्यात असावे लागतात. नाशिकच्या सिडकोतून पर्यटक म्हणून गेलेल्या आजीला त्यातलं काही नाही.

आजीच्या बाजूनेही बघायला हवं. डिसेंबरात साडेतीनला अंधार पडणाऱ्या गावात, भाषा येत नाही, शेजारी बोलत नाहीत, बाहेर बर्फावर घसरायची भीती. नात पाळणाघरात, मुलगी-जावई कामावर. रामकुंडावर रोज सकाळी जाणारी बाई तिथे खिडकीशी बसते. असे तीन महिने काढणं तिला जमेल का, हे तिला आधी विचारतच नाहीत.

मुलाचं वय ही दुसरी किल्ली. तीन वर्षांच्या आत गेलेलं मूल भाषा उचलतं, पण तोवर मराठी पक्की झालेली नसते, म्हणून मराठीच जाते. चार ते आठ हा स्थलांतराला सगळ्यात सोपा काळ. मराठी बोलता येते आणि नव्या भाषेत मित्र होतात. नऊ ते बाराचं मात्र देश बघून ठरवावं. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात प्रगतिपुस्तकावर ठरतं की मूल गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, जाणार की नाही. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते (तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी). तिसरीत नेलेल्या मुलाला जर्मन शिकून ही रेघ गाठायला जेमतेम दीड वर्ष मिळतं. गणितात हुशार असलेलं मूल जर्मनमुळे खाली राहतं आणि घरात सुतक पडतं. पुढे मार्ग बदलता येतो, चाचणीही देता येते, बऱ्याच राज्यांत पालकांचा शब्द अखेरचा असतो. पण हे कळेपर्यंत मुलाने स्वतःला 'ढ' ठरवलेलं असतं. सिंगापूरमध्ये बाराव्या वर्षी तशीच चाळणी आहे, आणि परदेशी मुलाला तिथल्या सरकारी शाळेत मधल्या वर्गात शिरायलाच आधी वेगळी प्रवेशपरीक्षा. तेरानंतर नेणार असाल तर मुलाची संमती हवी. चौदा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींपासून तोडून नेऊन वर "हे तुझ्यासाठीच" म्हणू नये.

मारण्याबद्दल थोडक्यात, कारण यात चूक परवडत नाही. स्वीडनने १९७९ मध्ये, नॉर्वेने १९८७ मध्ये, जर्मनीने २००० मध्ये घरातल्या मारहाणीवरही कायद्याने बंदी आणली. जपानने २०२० मध्ये. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याचं १७ वं कलम शाळेपुरतं आहे, घरातल्या मारावर अशी सरसकट बंदी नाही. त्या देशांत मुलाने शाळेत सहज सांगितलेली चापट शिक्षिकेला कळवावी लागू शकते आणि बालकल्याण विभागाचा माणूस दारात येतो. 'सांस्कृतिक फरक' हे उत्तर तिथे चालत नाही, आणि चालू नये. चापटीशिवाय मूल वाढवायला शिकणं ही जाण्याआधीची तयारी आहे. न जाणाऱ्यांनीही करायला हरकत नाही.

कागदांचंही असंच आधी बघायचं. आपल्या सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस देतात. अमेरिकेतल्या शाळा पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत, आणि त्यात गालगुंडाचा घटक नसतो, म्हणून एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेला) डोस पुन्हा घ्यावे लागतात. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, तिथे बहुतेक ठिकाणी मागतात. जर्मनीत मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा नसेल तर पाळणाघर मुलाला घेतच नाही. बालरोगतज्ज्ञांकडून लसींची नावं आणि तारखा इंग्रजीत, सही-शिक्क्यासह लिहून घ्यायला दहा मिनिटं लागतात; तिथे जाऊन शोधायला दोन महिने. नावाचा घोळ याहून वाईट. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्रात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. पासपोर्टाच्या अर्जात मात्र रकाने दोनच. जन्मदाखल्यावर चार शब्द, पासपोर्टवर दोन, आणि आईचं नाव एकीकडे माहेरचं, एकीकडे सासरचं, असं झालं की व्हिसा अधिकारी फाइल बाजूला ठेवतो. जन्मदाखल्यावर असेल तीच अक्षरं, त्याच क्रमाने, सगळीकडे.

"पाच वर्षांनी परत येऊ" म्हणणाऱ्यांनी परतीचे नियमही आधीच वाचावेत. परदेशात जन्मलेल्या बाळाचं नाव वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवलं नाही, तर भारतीय नागरिकत्वासाठी केंद्र सरकारची परवानगी मागावी लागते. अमेरिकेत किंवा कॅनडात जन्मलेलं मूल जन्मानेच तिथलं नागरिक. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून ते परत येतं ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या कार्डावर. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय कार्ड मिळालेल्या मुलांना नीट किंवा जेईईतून फक्त अनिवासी भारतीयांच्या वा अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरच्या) जागा मिळतात. नाशिकमध्ये नर्सरीपासून बारावीपर्यंत शिकलेलं मूलही यात येतं. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनाही महाराष्ट्राच्या कोट्यातल्या वैद्यकीय जागेसाठी दहावी-बारावी सहसा महाराष्ट्रातूनच लागते. दुबईत सीबीएसईची दहावी करून अकरावीला नाशिकला आलेला मुलगा तिथे अडतो. भाषेचंही आहे. २०२० च्या कायद्याने राज्यात सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. सातवीत परतलेलं मूल घरी मराठी फाडफाड बोलतं आणि 'क्ष' लिहिताना थांबतं. कायदा योग्यच आहे. तयारी मात्र परदेशात असतानाच हवी : आठवड्याला दोनदा वीस मिनिटं मराठीतून लिहिणं, बोलणं नव्हे. रविवारच्या मराठी शाळांत गणपतीची गाणी होतात, शुद्धलेखन राहून जातं.

इथवर वाचून "मग नाशिकच बरं" असा निष्कर्ष कुणी काढत असेल, तर तोही आळसच. नाशिकचा दिवस त्याच घड्याळाने मोजू.

जमेच्या बाजूला बरंच आहे. बालरोगतज्ज्ञ त्याच दिवशी भेटतो. इंग्लंड-कॅनडात राहिलेल्यांना याची किंमत विचारा. घरात चार मोठी माणसं असतात, मुलाला दोन-तीन भाषा आपसूक येतात. पण हे गंगापूर रोडचं झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात हजार बाळांतली २८ पाच वर्षांच्या आत दगावतात आणि पाचाच्या आतली ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतली मुलंही नाशिक जिल्ह्याचीच. 'भारतात मूल वाढवणं' म्हणताना आपण नकळत आपल्या सोसायटीपुरता भारत धरतो.

आणि सोसायटीतल्या मुलाची दुपार? शाळा सुटली की व्हॅन किंवा रिक्षावाले काका, घरी आजी किंवा कामवाल्या मावशी, चारला कॉलेज रोडवर क्लास, सहाला दुसरा क्लास, साडेसातला घर. मैदान नाही, म्हणून क्रिकेट पार्किंगमध्ये, गाड्यांच्या काचा सांभाळत, प्लॅस्टिकच्या बॉलने. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगाराच्या घरी आजीही गावाला असते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यावं, असा आपला कायदा सांगतो. पण कितीतरी लहान युनिटं पन्नासच्या आतच असतात, आणि अंगणवाडी दुपारी बंद होते. मग पाच वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला सांभाळते. पाच-सहा लहान युनिटांनी मिळून एक पाळणाघर चालवावं, जागा एमआयडीसीने द्यावी, दुपारची वेळ महापालिकेच्या अंगणवाड्यांनी वाढवावी. यात परदेशातून आणावं असं काही नाही. केंद्राची 'पाळणा' योजना अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्यासाठीच आहे.

मग रस्ता. जपानमध्ये पहिलीतली मुलं शेजारच्या मोठ्या मुलांबरोबर रांगेने चालत शाळेत जातात. बऱ्याच गावांत ठरलेला गट, ठरलेला रस्ता, कोपऱ्यावर झेंडा धरून उभा एखादा पालक किंवा आजोबा. जर्मनीत गाडीत बारा वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत बाल-आसन सक्तीचं. आपल्याकडेही नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० च्या आत. सकाळी सव्वासातला मुंबई नाक्यावर उभं राहून किती स्कूटरवर हा पट्टा दिसतो ते मोजा. मूल बापाच्या पुढ्यात उभं असतं, हात आरशाच्या दांड्यावर, तोंड वाऱ्यात. देशभरात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. मुलाच्या भविष्यासाठी एसआयपी भरणारा बाप त्याला रोज असा उभा करून नेतो. यात गरिबी आड येत नाही; हेल्मेट आणि पट्टा मिळून मुलांच्या क्लासच्या एका महिन्याच्या फीपेक्षा स्वस्त पडतो.

नेदरलँड्स यादीत पहिला आहे तो केवळ शाळांच्या गुणांवर नव्हे. तिथलं दहा वर्षांचं मूल सायकलवर एकटं मित्राकडे जाऊ शकतं आणि पालक बऱ्याच प्रमाणात आठवड्याचे पाचही दिवस काम करत नाहीत. नाशिकसाठी यातलं पहिलं आधी. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड आपल्याकडे झाला, पदपथ आणि सायकलमार्गासकट. त्या सायकलमार्गावरून शाळेत जाणारं मूल कुणी पाहिलंय? मार्ग घरापासून शाळेपर्यंत सलग नसेल तर मधला चांगला तुकडा मुलाच्या कामाचा नसतो. शाळेच्या फाटकापासून पाचशे मीटरच्या वर्तुळात सलग पदपथ, शाळा भरताना-सुटताना अर्धा तास वाहनबंदी आणि विकास आराखड्यातल्या मैदानाच्या आरक्षणांवर खरोखर मैदानं : महापालिकेकडे मागायचं ते एवढं. म्युनिकला जायचं की नाही यावर महिनोन्‌महिने खल करणारे पालक वॉर्डातल्या मैदानाचं आरक्षण काय झालं हे विचारायला एकदाही जात नाहीत, हे मात्र खटकतं.

आत्ता याची वेळ आहे, कारण २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरातले रस्ते रुंद होताहेत. रुंद रस्ता गाडीला सोयीचा, मुलाला लांबचा. २४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला ओलांडायला २४ सेकंद लागतात, पाठीवर दप्तर असेल तर आणखी. मधे थांबायला दुभाजकावर निदान दीड मीटर जागा हवी, आणि तिथे झुडपांची कुंपणं नकोत, कारण त्यांच्यामागे मूल चालकाला दिसत नाही. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर असे किती चौक आहेत आणि प्रत्येक सिग्नल पायी जाणाऱ्याला किती सेकंद देतो, हे एका सकाळी मोबाइलवर वेळ लावून मोजता येतं.